समोरच्याची सवय ओळखायची कशी आणि तिच्यावर पैसे लावायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावचे एक गृहस्थ वर्षातून तीन-चार वेळा चोर्ला घाट उतरून पणजीला येतात आणि मांडवीतल्या बोटीवर टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराच्या १००/२०० च्या टेबलवर (दर हाताला दोघांनी सक्तीने टाकायचे ब्लाइंड: १०० चा स्मॉल, २०० चा बिग) बसतात. शक्यतांचे गणित त्यांना येते, पॉट ऑड्स (मध्ये जमलेल्या पैशांच्या, म्हणजे पॉटच्या, तुलनेत कॉल किती महाग पडतो ते) तोंडपाठ आहेत. अडतात ते रिव्हरला, म्हणजे पाचवा आणि शेवटचा उघडा पत्ता पडल्यावर. समोरून मोठी बेट आली की माणूस खरा की ब्लफ करतोय, हे त्यांना ठरवता येत नाही. कधी हट्टाने कॉल करतात (तेवढेच पैसे टाकतात), कधी बऱ्यापैकी हात टाकून देतात. त्यांचे विचारणे असे: 'चेहरा वाचायला कसे शिकायचे?'

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या खेळाडूंच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि पत्ते किती चांगले असतील याचा अंदाज बांधायला सांगितले. फक्त चेहरा पाहून केलेले अंदाज फसले. फक्त चिप्स सरकवणारे हात पाहून केलेले अंदाज त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरे निघाले. कारण सोपे आहे. चेहरा सांभाळायचा असतो हे प्रत्येकाला ठाऊक असते, हातांकडे लक्ष ठेवायचे कोणाच्या मनात येत नाही. पण त्याहूनही कमी सांभाळले जाते ते पैसे टाकण्याचे वळण: कोणत्या पत्त्यांवर, कोणत्या क्षणी, किती. वाचायचे ते हे. शरीराच्या खुणा त्यानंतर, आणि त्याही आधारापुरत्या.

नऊ जणांच्या टेबलवर तासाला साधारण २५ ते ३० हात (डाव) होतात, म्हणजे डीलरचे बटण (दर हाताला एक जागा पुढे सरकणारी खूण; फ्लॉपनंतर त्या जागेची पाळी शेवटी येते) जेमतेम तीन फेऱ्या मारते. नीट खेळणारा माणूस यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त हात फ्लॉपआधीच, म्हणजे पहिले तीन उघडे पत्ते पडण्याआधीच, टाकतो. तुमचा निरीक्षणाचा वेळ तोच. पत्ते टाकले की फोन काढायचा ही सवय असेल तर ती आधी मोडा, कारण विकत घेऊनही न मिळणारी माहिती त्या वेळात समोर मांडलेली असते. ऑनलाइन खेळणाऱ्यांना पूर्वी प्रत्येकाचे आकडे पडद्यावर तयार मिळत. पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले, त्यामुळे आता डोळ्यांनीच मोजायचे आहे.

मोजायचे काय? पहिल्या तीन फेऱ्यांत माणूस आपण होऊन किती हातांत पैसे घालतो, ते. ब्लाइंड धरायचा नाही, तो सक्तीचा असतो. २७ हातांत ४ ते ६ वेळा आला तर घट्ट, १० ते १२ वेळा आला तर सैल, १५ च्या वर गेला तर त्याला पत्ते नव्हे, फ्लॉप बघण्याची हौस आहे. मग तो आत कसा येतो ते बघा, नुसते २०० टाकून लिंप करत की रेज करून (रक्कम वाढवून). या दोन गोष्टी कळल्या की टेबलवरची निम्मी माणसे ओळखीची होतात. आमच्याकडे येणाऱ्या सुट्टीच्या गर्दीत सैल आणि मवाळ हा प्रकार सर्वांत जास्त: खूप हातांत लिंप करायचे, बेट आली की कॉल करायचे, स्वतःहून रेज क्वचित.

यात तीन पत्ती खेळून आलेल्यांचा वेगळा विचार करा. तिथे हातात जोडी आली की माणूस खूश असतो, आणि सिक्वेन्स कलरपेक्षा वरचढ असते. होल्डेममध्ये उलट आहे, फ्लश (कलर) स्ट्रेटला (सिक्वेन्सला) मारतो. नवखा माणूस स्ट्रेट लागला की बोर्डवर (मधल्या उघड्या पत्त्यांत) एका रंगाचे तीन पत्ते असले तरी थांबत नाही. शिवाय एकदा चाल टाकली की मागे हटणे त्याला कमीपणाचे वाटते. अशा माणसाला ब्लफने हुसकवायला जाणे म्हणजे पैसे फेकणे. त्याच्यासमोर चांगला हात धरून बसायचे आणि भरपूर बेट करायचे.

सगळ्यांत मोलाची माहिती पत्ते उघडतात तेव्हा मिळते, आणि तिथेच बहुतेक लोक फक्त कोण जिंकले ते बघतात. पत्ते दिसले की तो हात मनात उलटा चालवा. हा रिव्हरला काय करत होता, टर्नला (चौथ्या उघड्या पत्त्याला) काय, फ्लॉपला काय, आणि आत आला तेव्हा किती टाकले होते? एक उदाहरण जवळून बघू. एक माणूस एकदा ६०० चा रेज करतो आणि शेवटी सत्ती-छक्की एका रंगाची दाखवतो. तासाभराने तोच माणूस १,४०० चा रेज करतो आणि गुलामांची जोडी दाखवतो. यामागचे कारण त्याच्या मनात आहे. गुलामांची जोडी हातात असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक येण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के असते. त्याला हे नेमके ठाऊक नसले तरी आजवर बसलेले चटके आठवतात, म्हणून तो सगळ्यांना आधीच पळवू पाहतो. याच माणसाला एक्क्यांची जोडी आली की गिऱ्हाईक पळू नये म्हणून तो बहुधा पुन्हा ६०० वर येतो.

आता ही सवय बेटमध्ये कशी उतरवायची? तो १,४०० म्हणाला की नव्वी ते गुलामपर्यंतची जोडी किंवा एक्का-राजा धरा. तुमच्याकडे राजा-गुलाम किंवा एक्का-दश्शी असेल तर टाका. जिंकलात तर थोडे मिळेल, हरलात तर फार जाईल. छोटी जोडी असेल तर फ्लॉपवर तिसरा पत्ता लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. त्यासाठी १,४०० द्यायचे तर त्याच्यापुढे आणि तुमच्यापुढेही किमान पंधरा पट, म्हणजे २१,००० शिल्लक हवेत. लागल्यावर तो दर वेळी सगळे देईलच असे नाही, म्हणून साडेआठ पट पुरत नाही. आणि कॉल केल्यावर फ्लॉपला एक्का आला आणि त्याने चेक केले (पैसे न टाकता पाळी पुढे दिली), तर पॉटच्या निम्मी बेट टाका, तुमच्याकडे काही नसले तरी. निम्म्या पॉटचा ब्लफ तीनांत एकदा चालला तरी पैसे वसूल होतात. गुलाम धरून बसलेला माणूस एक्का बघून त्याहून पुष्कळ जास्त वेळा पत्ते टाकतो.

हे आकडे जिभेवर हवेत. ब्लफ करताना पॉटच्या एक-तृतीयांश बेट असेल तर चारांत एकदा चालायला हवा, निम्मी असेल तर तीनांत एकदा, दोन-तृतीयांश असेल तर दहांत चारदा, पूर्ण पॉट असेल तर निम्म्या वेळा. कॉल करताना निम्म्या पॉटच्या बेटला २५ टक्के, दोन-तृतीयांशला २८.६, पूर्ण पॉटला ३३, दुप्पट पॉटला ४० टक्के वेळा तुम्ही पुढे असायला हवे. सवय ओळखण्याचा उपयोग या रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढे ठरवण्यापुरताच आहे. 'तो ब्लफ करतो' हे वाक्य अर्धवट आहे. किती वेळा करतो, हा प्रश्न.

तुमची अडचण रिव्हरची आहे, म्हणून एक हात पूर्ण मांडतो. मधल्या जागेवरून एकाने २०० लिंप केले. तुम्ही बटणावर, हातात इस्पीकचा एक्का आणि चौकटचा राजा. तुम्ही १,००० केले, ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, लिंपवाल्याने कॉल केला. पॉट २,३००. फ्लॉप: किलवरचा राजा, बदामची अठ्ठी, बदामची पंजी. त्याने चेक, तुम्ही १,५००, त्याने कॉल. पॉट ५,३००. टर्नला इस्पीकची दुर्री. त्याने चेक, तुम्ही ३,५००, त्याने कॉल. पॉट १२,३००. रिव्हरला बदामचा गुलाम, आणि इतका वेळ चेक-कॉल करणाऱ्या माणसाने स्वतःहून ९,००० पुढे सरकवले.

९,००० देऊन एकूण ३०,३०० च्या पॉटसाठी झगडायचे, म्हणजे २९.७ टक्के वेळा तुमचा हात वरचढ हवा. आता त्याच्याकडे काय असू शकते ते कॉम्बोंनी (हातातल्या दोन पत्त्यांच्या शक्य मेळांनी) मोजा. बदामचे दोन पत्ते: एक्क्याबरोबरचे ८ कॉम्बो (एक्का-राजा असता तर त्याने आधीच रेज केला असता, म्हणून तो सोडला), आणि राजा-राणी, राजा-दश्शी, राणी-दश्शी, राणी-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की असे ७. झाले १५. राजा-गुलाम: दोन राजे आणि तीन गुलाम शिल्लक, म्हणून ६. अठ्ठ्यांचा सेट (तीन सारखे पत्ते) ३, पंज्यांचा ३. तुम्हाला मारणारे एकूण २७. तुम्ही ज्यांना मारता ते मुख्यतः फसलेले स्ट्रेट ड्रॉ (एक पत्ता न लागल्याने अपुरे राहिलेले स्ट्रेट), म्हणजे सत्ती-छक्की. तिचे एकूण १६ कॉम्बो, त्यातला बदामचा फ्लशमध्ये गेला, उरले १५.

२७ च्या विरुद्ध कॉल परवडायला किमान १२ ब्लफ हवेत. शिल्लक १५ आहेत. म्हणजे त्याने फसलेली जवळजवळ प्रत्येक सत्ती-छक्की इथे बेट केली तरच कॉल बरोबर. निम्म्या वेळा करत असेल तर तुम्ही फक्त २२ टक्के वेळा पुढे असता, आणि हा कॉल पैसे घालवतो. आता गेल्या दोन तासांत हा माणूस ड्रॉ फसल्यावर काय करत होता ते आठवा. चेक करून 'नाही लागला' म्हणत पत्ते दाखवत असेल तर एक्का-राजा टाका, कितीही जड गेले तरी. आणि फ्लॉपपासून तिखट बेट करणारा, फसल्यावर पॉट सोडवत नाही असा माणूस असेल, तर १५ च्या १५ त्याच्या हातात धरा. ३६ टक्के होतात, कॉल करा. पत्ते तेच, बोर्ड तोच, ९,००० तेच. उत्तर बदलते ते केवळ एका सवयीने.

एक बारीक गोष्ट राहिली. तुमच्या हातातला एक्का इस्पीकचा नसून बदामचा असता, तर एक्क्याचे आठही फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाहीत. मारणारे २७ चे १९ होतात आणि लागणारे ब्लफ १२ वरून ८-९ वर येतात. निम्म्या वेळा ब्लफ करणाऱ्या माणसाविरुद्धही हात मग काठावर येतो. म्हणून सवयीचा विचार करण्याआधी स्वतःच्या हातातले पत्ते पुन्हा आठवा.

आता सावधगिरीची बाजू, कारण सवयी वाचायला निघालेल्यांचे पैसे इथेच जातात. तीन वेळा रिव्हरला मोठी बेट केली, तिन्ही वेळा पत्ते खरे निघाले, म्हणजे हा कधीच ब्लफ करत नाही, असे आपण ठरवून टाकतो. गणित करून बघा. माणूस दर तीन बेटांत एक ब्लफ करत असला तरी सलग तीन वेळा खरे पत्ते दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. सलग पाच वेळांची १३ टक्के, आठ वेळांची ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीन शोडाऊनवर (शेवटी उघडलेल्या हातांवर) पक्के मत बांधणे हा जुगारच. त्यापेक्षा ओळख नसताना एका सर्वसाधारण अंदाजाने सुरू करा (सुट्टीच्या छोट्या टेबलांवर माझा अंदाज असा की टर्न-रिव्हरवरचा रेज जवळजवळ नेहमी खरा असतो आणि मवाळ माणसाची मोठी बेटही तशीच) आणि प्रत्येक उघडलेल्या हातागणिक थोडे-थोडे सरका.

दुसरा सापळा असा: जे पत्ते दिसतात ते सगळे हात नव्हेत. ब्लफला कोणी कॉल केला तरच तो उघडा पडतो. न चाललेला ब्लफ दिसतो, चाललेला कधीच दिसत नाही. आणि कोणी कॉल न करता आपण होऊन पत्ते दाखवतो, तो तुम्हाला काहीतरी पटवू पाहत असतो. ब्लफ दाखवणाऱ्याला पुढच्या मोठ्या हाताला गिऱ्हाईक हवे असते, खरा हात दाखवणाऱ्याला पुढच्या वेळी तुम्ही टाकावे असे वाटत असते. अशा दाखवलेल्या पत्त्यांना सक्तीने उघडलेल्या पत्त्यांइतके वजन देऊ नका.

वेळेबद्दल. फ्लॉपला बेट आली आणि क्षणाचाही विचार न करता कॉल आला, तर बहुधा मधला हात किंवा ड्रॉ. खरा तगडा हात असता तर रेज करू का असा विचार मनात आला असता, वाईट असता तर टाकू का असा आला असता. नुसता कॉल करायचा एवढेच ठरलेले असते तेव्हा वेळ लागत नाही. अशा माणसावर टर्नला रंग किंवा स्ट्रेट पुरा न करणारा पत्ता आला की पुन्हा मोठी बेट करा. याउलट बराच वेळ घेऊन, चिप्स दोनदा मोजून, मग रेज करणारा मवाळ माणूस बहुतेक वेळा तगडाच असतो. मात्र कोणी शेजाऱ्याशी बोलत असेल, पेय मागवत असेल, तर त्याच्या वेळेला अर्थ नाही.

शरीराच्या खुणांपैकी थोड्याच धराव्यात. चिप्स पुढे करताना हात थरथरत असेल तर लोक त्याला भीती समजतात. बहुधा तो मोठा हात लागल्यावर सुटलेला ताण असतो. फ्लॉप पडताच एक नजर स्वतःच्या चिप्सकडे गेली, तर फ्लॉप आवडला. तुमची पाळी असताना समोरच्याने चिप्स हातात घेऊन पुढे झुकायला सुरुवात केली, तर तो तुम्ही बेट करू नये म्हणून धाक दाखवतोय, त्याचा हात मधला असतो. बोर्डवर एका रंगाचे तीन पत्ते आले आणि त्याने पुन्हा आपले पत्ते उचलून पाहिले, तर त्याच्याकडे दोन्ही त्या रंगाचे नाहीत. असते तर त्याला लक्षात राहिले असते. एखादा आहे का, ते तो बघतोय. हे सगळे टिपायचे तर फ्लॉप पडताना पत्त्यांकडे बघू नका, माणसांकडे बघा. पत्ते कुठे पळून जात नाहीत. आणि कोणतीही खूण त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून बघा. ज्याचा हात सिगारेट पेटवतानाही थरथरतो, त्याच्या चिप्सचे थरथरणे काही सांगत नाही.

सर्वांत सोपे पैसे दोन सवयींत आहेत. पहिली, लागले तर राहायचे नाहीतर टाकायचे. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर निदान जोडी लागते ती साधारण तीनांत एकदाच. समजा बटणावरून तुम्ही ६०० केले, स्मॉल ब्लाइंडने टाकले, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट १,३००. फ्लॉपला त्याने चेक केले. ४५० टाका. ही बेट २६ टक्के वेळा चालली तरी भागते. असा माणूस निम्म्याहून जास्त वेळा टाकतो. ५५ टक्के धरले तर तुमचे पत्ते कसेही असोत, दर खेपेला सरासरी ५०० च्या वर हातात पडतात. फक्त एक करा: त्याने कॉल केला की थांबा. टर्नला पुन्हा ब्लफ करून सगळी कमाई परत देणारे लोक फार दिसतात. त्याने कॉल केला, याचा अर्थ त्याला लागले आहे. तुम्ही वाचलेली सवयच ते सांगते आहे.

दुसरी सवय, कुठलीही जोडी धरून रिव्हरपर्यंत कॉल करत राहायचे. इथे ब्लफ पूर्ण बंद ठेवा आणि बेटचा आकार वाढवा. पॉट ६,०००, तुमच्याकडे राजांची जोडी राणीच्या साथीने. तो १४ कॉम्बोंनी कॉल करेल, त्यातले १० तुमच्याहून हलके, ४ भारी, असे समजा. २,००० टाकले तर सरासरी ८५७ मिळतात, ४,५०० टाकले तर १,९२९. बेट मोठी झाली म्हणून तो पत्ते टाकत नसेल तर लहान बेट करणे म्हणजे टेबलवर पैसे सोडून उठणे. मर्यादा एकच: कॉल आल्यावर निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही पुढे हवेत. आणि हाच माणूस कधी रेज करून आला, तर राजांची जोडी टाकून द्या.

सवय दगडावरची रेघ नसते. दोनदा चिप्स घेऊन हरलेला घट्ट माणूस तिसऱ्यांदा चिप्स घेतो तेव्हा तो वेगळा माणूस असतो. शनिवारी रात्री एकनंतर, पेये पोटात गेल्यावर, नऊ वाजता काढलेले आकडे शिळे होतात. मोठा पॉट वाईट नशिबाने गेला की पुढचे चार-पाच हात त्याच्याकडे नव्याने बघा: नेहमीपेक्षा लवकर आत येतो का, रेज मोठा करतो का? येत असेल तर कॉलची तुमची रेषा थोडी खाली आणा. उलटही होते. पुष्कळ जिंकलेला माणूस जिंकलेले सांभाळायला लागतो, त्याच्यावर ब्लफ जास्त चालतो.

जागाही याच हिशेबाने निवडा. सारखा रेज करणारा माणूस तुमच्या उजवीकडे हवा, म्हणजे तो काय करतो ते बघून तुम्ही ठरवता. घट्ट आणि मवाळ माणसे डावीकडे चालतात. जागा रिकामी झाली की फ्लोअरला (टेबलांची व्यवस्था बघणाऱ्याला) सांगून बदलून घ्यायला संकोच करू नका.

तुम्हालाही कोणीतरी वाचतोय. आपली पाळी आल्यावरच पत्ते एकदा बघा आणि लक्षात ठेवा. फ्लॉपआधीचा रेज हाताप्रमाणे बदलू नका: ६०० ठरवले तर ६००, आधी लिंप केलेल्या प्रत्येक माणसामागे २०० जास्त. बेट एकाच हाताने, एकाच वेगाने पुढे करा. मोठा निर्णय असो वा छोटा, मनात पाच मोजून मग हला.

पैशांच्या बाबतीत एवढे ध्यानात असू द्या: प्रत्येक पॉटमधून रेक (कॅसिनोचा वाटा) कापला जातो, म्हणून गणितात काठावर असलेला कॉल प्रत्यक्षात तोट्याचाच. पत्त्यांतल्या जिंकण्यावर आयकर ३० टक्के दराने आहे आणि त्यातून हरलेले वजा होत नाही. बोटीवर २१ वर्षांखालील कोणाला प्रवेश नाही, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळता येत नाही.

सरावाला मात्र ना बोट लागते ना पैसे. चवथीच्या जागरणाला घरी पाच-सहा जण जमतातच. चिप्सऐवजी चिंचोके घ्या, प्रत्येकाला शंभर. नियम एकच जादा: हात संपला की पत्ते टाकलेल्यांनीही ते उघडे करायचे. रिव्हरला बेट पडली की बाकीच्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर त्या माणसाच्या हाताचे तीन अंदाज लिहायचे आणि प्रत्येकापुढे टक्के मांडायचे, बेरीज १०० झाली पाहिजे. मग पत्ते बघायचे. अशा पन्नास चिठ्ठ्या झाल्या की वेगळ्या करा: जिथे ७० टक्के लिहिले होते, तिथे दहांतले किती वेळा ते पत्ते निघाले? बहुतेकांचे चार-पाचच निघतात. तुमचे तसे निघाले, तर पुढच्या खेपेला पणजीला याल तेव्हा रिव्हरवर 'नक्की ब्लफ' वाटेल त्या प्रत्येक वेळी मनातला आकडा ७० वरून ४५ वर आणा, आणि मग पॉट ऑड्सशी ताडून बघा.